ऐका, पण पाहू नका

मराठीत आपण प्रत्येक इंद्रियाच्या मागे डोळा उभा करतो. भाजी चाखून पाहतो, अत्तर हुंगून पाहतो, कापड हाताळून पाहतो आणि नवा रेडिओ ऐकून पाहतो. भाषेची ही सवय तशी निरुपद्रवी. पण घरी संगीत ऐकण्याच्या यंत्रांबाबत ती शब्दशः खरी ठरते. ॲम्प्लिफायर, स्पीकर, सीडी प्लेअर आणि त्यांना जोडणाऱ्या तारा विकत घेताना, त्यांच्याबद्दल बोलताना, लिहिताना माणूस ऐकतो किती आणि पाहतो किती, हा प्रश्न काही चिकाटीच्या लोकांनी गेली पाऊणशे वर्षं लावून धरला आहे. त्यांची रीत सोपी आहे : यंत्र झाका, नाव झाका, किंमत झाका आणि मग विचारा. तिला इंग्रजीत आंधळी चाचणी म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. त्यात उणेपणाची छटा आहे. आपल्याकडे त्याहून नेमकी वस्तू आहे, अंतरपाट. पलीकडे कोण आहे ते ठाऊक नाही, आवाज मात्र येतो आहे.

या चाचण्यांची उत्तरं रसिकांना रुचलेली नाहीत. मला उत्तरांबद्दल आणि त्या नावडीबद्दल, दोन्हींबद्दल लिहायचं आहे. कारण दोन्हींचा संबंध आपण जुन्या गायकीच्या ध्वनिमुद्रणांचं काय करतो याच्याशी पोचतो.

मी तळेगाव (श्यामजी पंत) इथं राहतो. नागपूरहून अमरावतीला जाताना आष्टी तालुक्यातलं, महामार्गावरचं हे गाव. दोन्ही शहरांतले काही ऐकणारे मित्र अधूनमधून माझ्याकडे जमतात, कारण गाव मध्ये पडतं आणि घरात थोड्या जुन्या तबकड्या आहेत. त्यांच्यापैकी एकानं एकदा भिंतीतल्या सॉकेटपासून ॲम्प्लिफायरपर्यंत वीज नेणारी दीड मीटरची एक परदेशी केबल आणली. तिची किंमत ऐकून शेजारचे काका म्हणाले, ‘‘काहून बाप्पा, एवढ्यात तं विहिरीवरची मोटर येते ना!’’ काकांचा मुद्दा पैशाचा होता, माझा भूगोलाचा. आमच्याकडे वीज येते ती मैलोगणती उघड्या ॲल्युमिनियमच्या तारांवरून गावच्या डीपीपर्यंत आणि तिथून खांबाखांबानं घरापर्यंत. त्या तारांवर पोपटांचे थवे बसतात, पावसाळ्यात फांद्या पडतात. मागच्या सगळ्या वाटेची भरपाई शेवटच्या दीड मीटरनं कशी करायची? मित्राचं उत्तर तयार होतं : ‘‘तर्क नको, ऐकून तर पाहा.’’ आम्ही ऐकून पाहिलं. तानपुऱ्याची जवारी उलगडली, आवाजाभोवतीची हवा मोकळी झाली, तबल्याच्या बायाला देह आला, असं एकेकानं सांगितलं. मग मी सुचवलं की आता कोणती केबल लावली आहे हे न सांगता पुन्हा ऐकू. त्यावर मित्र दुखावला. म्हणाला, ‘‘माझ्या कानांवर तुमचा भरवसा नाही का?’’

ही प्रतिक्रिया त्याच्या एकट्याची नाही. जगभरच्या ध्वनिप्रेमींच्या लिखाणात ती सापडते आणि तिची मांडणी मुळात उलटी आहे. अंतरपाट लावणारा माणूस कानांशिवाय दुसऱ्या कशावरही भरवसा ठेवायला तयार नसतो. यंत्राचं वजन, समोरच्या पट्टीची जाडी, निळा दिवा, बिल, दुकानदाराची वाणी हे साक्षीदार तो बाहेर बसवतो. कानाला एकट्यालाच बोलू द्यावं हा कानाचा अपमान कसा होतो, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

अशा परीक्षेचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चहाचं आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात एका बाईंनी सांगितलं की कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे त्या चवीवरून ओळखतात. तिथं काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी त्यावरून आठ कपांची परीक्षा रचली : चार एका रीतीचे, चार दुसऱ्या, क्रम सरमिसळ. १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी या परीक्षेचं गणित मांडलं. केवळ अंदाजानं आठही कप बरोबर लागण्याची शक्यता सत्तरात एक. एखादा दोन कप ओळखून दाखवेल तर ते काहीच नाही. आठ ओळखले तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. कान असो वा जीभ, दावा तपासण्याची तऱ्हा तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

ध्वनीच्या क्षेत्रात बेल प्रयोगशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये जी पद्धत मांडली ती पुढे ‘एबीएक्स’ नावानं रूढ झाली. आधी ‘अ’ ऐका, मग ‘ब’ ऐका, मग ‘क्ष’. हा ‘क्ष’ त्या दोघांपैकीच एक आहे. कोणता, ते सांगा. कोणता चांगला असं विचारलेलं नाही, फक्त कोणता. १९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी हे काम आपोआप करणाऱ्या यंत्राचं वर्णन प्रसिद्ध केलं. यंत्रच ‘क्ष’ निवडतं, त्यामुळे चाचणी घेणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसतं आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते फुटत नाही. म्हणजे अंतरपाट दुहेरी झाला.

हे घरी करता येतं, आणि करून पाहण्याजोगं आहे. (पुन्हा ‘पाहण्या’जोगं! सुटका नाही.) पण एक अट पाळली नाही तर सगळं वाया. दोन्ही यंत्रांचा आवाज मोजून सारखा करायला हवा, आणि तो कानानं सारखा करून भागत नाही. एका डेसिबलाहूनही कमी फरक असला तर कानाला तो ‘मोठा’ असा जाणवत नाही, ‘छान’ असा जाणवतो. जरा मोठं वाजणारं यंत्र अधिक स्वच्छ, अधिक जिवंत वाटतं. हे गुपित प्रत्येक मुरलेल्या विक्रेत्याला ठाऊक असतं. तेव्हा एक हजार हर्ट्झचा स्थिर स्वर वाजवायचा, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावायचा आणि दोन्ही यंत्रांचं व्होल्टेज जुळवायचं. एकावर दोन व्होल्ट आले तर दुसऱ्यावरचा फरक दोन शतांश व्होल्टच्या आत हवा. म्हणजे एक दशांश डेसिबलच्या आसपास. मग पलंगपोस टांगायचा, त्याच्यामागे पुतण्याला बसवायचं आणि प्रत्येक वेळी छापा-काटा करून त्यानं जोडणी बदलायची. छापा-काटा महत्त्वाचा आहे. माणसाला मनानं सरमिसळ करता येत नाही, तो नकळत एकाआड एक लावतो. पुतण्यानं खोकू नये, हसू नये. प्रत्येक खेपेला सारखाच वेळ घ्यावा, जोडणी बदलायची नसली तरीसुद्धा. सोळा वेळा ऐकायचं. नुसत्या अंदाजानं सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून थोडी कमी आहे, त्यामुळे बारा आले तर दाव्यात दम आहे असं धरायला हरकत नाही. नऊ आले तर पुतण्याला चहा द्यावा आणि विषय बदलावा.

माझ्याकडे अशी बैठक झाली. केबलवाल्या मित्राचा राग तोवर निवळला होता. दोन ॲम्प्लिफायर होते, एक माझा जुना, एक त्याचा नवा आणि बराच महाग. आवाज जुळवल्यावर आमच्यापैकी कुणालाच ते वेगळे ओळखता आले नाहीत. त्यानंतर पुतण्यानं पडद्याआड, आम्हाला न सांगता, एक स्पीकर सरकवून भिंतीच्या कोपऱ्यात नेला. ते सगळ्यांनी एका क्षणात ओळखलं. मंद्र सप्तक फुगलं होतं. गावातल्या एका संध्याकाळच्या खेळाला मी संशोधन म्हणणार नाही, पण तिचा निकाल मोठ्या चाचण्यांच्या दिशेनंच गेला.

त्या मोठ्या चाचण्यांपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये मांडलेली. चाळीस श्रोते, चार स्पीकर. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा पडद्याआडून, एकदा उघड्यावर. उघड्यावर ऐकताना गुण बदलले. दिसायला भारदस्त स्पीकरांना मान मिळाला आणि पडद्याआड चांगले गुण मिळवणारा लहान, स्वस्त, प्लास्टिकचा संच उघड्यावर खाली घसरला. इथवर कुणाला नवल वाटणार नाही. खरी गोष्ट पुढे आहे. पडद्याआड ऐकताना स्पीकरची खोलीतली जागा बदलली की श्रोत्यांचे गुण बदलत होते. उघड्यावर ऐकताना तीच जागा बदलली तरी त्यांना फारसा फरक पडत नव्हता. डोळ्यांनी नसलेला फरक ऐकवला एवढंच झालं नाही, असलेला फरक ऐकू येऊ दिला नाही. आणि हे ऐकण्यात मुरलेल्यांचंही झालं. ‘पाहून ऐकलं तर बिघडतं कुठं, आनंद तर मिळतो’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसं आहे. बिघडतं ते हे, की कान बधिर होतो.

ॲम्प्लिफायरांबाबत ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकानं जानेवारी १९८७ च्या अंकात मोठी चाचणी छापली होती. सुमारे २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून सुमारे १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरपर्यंतची यंत्रं होती. विश्वास ठेवणारे होते, न ठेवणारेही होते. भरवशानं कुणालाच ओळखता आलं नाही. बोस्टनच्या ध्वनिप्रेमी मंडळातल्या मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत प्रश्न सीडीचा होता : अधिक सूक्ष्म मुद्रणाचा संकेत सीडीच्या दर्जाच्या साखळीतून काढला तर कळतं का? ५५४ वेळा ऐकवलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. पण न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये याच प्रश्नावरच्या अठरा प्रयोगांचा एकत्रित हिशेब केला. साडेबारा हजारांवर चाचण्यांत बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं, आणि आधी कान तयार करून घेतलेल्या श्रोत्यांत ते ६० टक्क्यांच्या घरात गेलं. म्हणजे फरक शून्य नाही. आहे तो इतका बारीक की शिकवणी घेतल्यावर दहापैकी सहा वेळा सापडतो. मासिकांतून लिहिलं जाणारं ‘आवाजावरचं मळभ दूर झालं’ हे वर्णन या सहापैकी कोणत्या वेळेचं आहे, असं मी त्या समीक्षकांना विचारू इच्छितो.

आणि एक चाचणी कुणी न घेता झाली. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकी कंपनी जुन्या संगीताच्या महागड्या तबकड्या काढते. मूळ टेपपासून तबकडीपर्यंत कुठेही डिजिटल पायरी नाही, अशी तिच्या तबकड्यांची ख्याती होती आणि त्या शुद्धतेची स्तुती करणारे परिच्छेद वर्षानुवर्षं छापले गेले. जुलै २०२२ मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनीच सांगितलं की २०११ पासून अनेक तबकड्यांत मधली पायरी डिजिटल होती. डिजिटल आवाज ऐकताच कानाला टोचतो असं सांगणाऱ्या श्रोत्यांनी दहा वर्षं तो आवाज आनंदानं ऐकला होता. मी यात हसत नाही. त्या तबकड्या उत्तमच वाजत होत्या, आजही वाजतात. फसली ती भाषा; कानाच्या नावावर खपणारी आणि प्रत्यक्षात वेष्टन वाचून लिहिलेली.

रसिकांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. ते म्हणतात, संगीत असं तुकड्यातुकड्यानं ऐकायची गोष्ट नाही. ख्याल अर्धा तास मुरतो, आणि तुम्ही अर्ध्या मिनिटाचा ‘क्ष’ ऐकवून त्याची परीक्षा घेता. शिवाय परीक्षा म्हटली की कान आखडतो. यातला वेळेचा मुद्दा तपासता येतो. चाचणी लांब करायला कुणी मनाई केलेली नाही. हवं तर महिनाभर यंत्र झाकून घरी ठेवा. पण ध्वनीची नेमकी आठवण काही सेकंदांत विरते, म्हणून पटकन बदलून ऐकलं तर बारीक फरक उलट अधिक सापडतात. परीक्षेच्या ताणाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो आपल्याला परदेशी मासिकांतून शिकायची गरज नाही. अंतरपाटाआडून ऐकण्याचा हिंदुस्थानातला सर्वांत मोठा प्रयोग एका मराठी माणसाच्या कारकिर्दीत झाला.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. आकाशवाणीवर गाण्यासाठी कलावंतांची श्रवणपरीक्षा घ्यायची आणि श्रेणी ठरवायची ही व्यवस्था त्यांच्या काळात उभी राहिली. परीक्षकांना गाणारा दिसू नये, त्याचं नाव कळू नये, हे तिचं तत्त्व. आधी स्थानिक पातळीवर, मग दिल्लीच्या मंडळासमोर मुद्रण, नावाऐवजी क्रमांक. या कामाशी श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारख्या विद्वानाचं नाव जोडलेलं होतं. हेतू वशिलेबाजी मोडण्याचा होता आणि तो चांगलाच होता. तरी कलावंतांत संताप उसळला. नामवंतांनी परीक्षा द्यायची? कुणाला?

त्या वादात दोन्ही बाजूंनी अहंकार फार होता, पण त्याच्या तळाशी एक खरी अडचण होती. अंतरपाट आवाज लपवत नाही, आणि आपल्या परंपरेत आवाज हेच नाव असतं. मुरलेल्या गवयाचा पहिला षड्ज, आकार लावायची ढब, समेवर येण्याची तऱ्हा, यातून घराणं कळतं, गुरू कळतो, पुष्कळदा माणूसच कळतो. परीक्षक जितका जाणकार तितका पडदा पातळ. आणि प्रश्नही वेगळा होता. ‘क्ष’ कोणता असं विचारलेलं नव्हतं; ‘क्ष’ किती लायक असं विचारलं होतं. त्याला बरोबर-चूक अशी उत्तरपत्रिका नसते. म्हणून कलावंतासाठी जी परीक्षा अपुरी, तीच ॲम्प्लिफायरसाठी अगदी योग्य. कारण ॲम्प्लिफायरचं कर्तव्यच मुळी आपला आवाज नसणं हे आहे. गवयाला ‘तुमचं नाव ऐकू आलं नाही’ म्हणणं ही निंदा, ॲम्प्लिफायरला म्हणणं ही पावती. हा भेद नीट न केल्यामुळे आपल्याकडचे संगीतप्रेमी यंत्राच्या चाचणीलाही कलावंताचा अवमान समजून बसतात.

अंतरपाट विक्रीसाठीही वापरता येतो, हेही लक्षात ठेवायला हवं. एडिसनच्या कंपनीनं १९१५ पासून सुमारे दहा वर्षं अमेरिकेत गावोगाव जलसे केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. गायिका आणि यंत्र आलटून पालटून गात, मध्येच दिवे मालवले जात, आणि उजेड झाल्यावर दिसे की गायिका कधीच निघून गेली आहे, गाते आहे ते यंत्र. लोक थक्क होत, वर्तमानपत्रं भरभरून लिहीत. अशा जलशांत गाणाऱ्या ॲना केस यांनी म्हातारपणी सांगितलं की त्या आपला आवाज यंत्रासारखा करून गात असत. म्हणजे यंत्र माणसासारखं वाजत नव्हतं, माणूस यंत्रासारखा वाजत होता. तिथं कुणी उत्तरं लिहून घेतली नाहीत, कुणी मोजली नाहीत. काळोख केला म्हणजे चाचणी होत नाही.

इथवरच्या पुराव्यावरून माझं मत सांगतो. सुस्थितीतले, नीट रचलेले दोन ॲम्प्लिफायर आपापल्या ताकदीच्या आत वाजत असतील तर त्यांच्यातला फरक हा संगीतसमीक्षेचा विषय नाही. तारा तर नाहीतच. स्पीकर हा विषय आहे, खोली त्याहून मोठा विषय आहे; आमच्याकडच्या सिमेंटच्या चौकोनी खोलीत एक सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट जेवढा फरक करतं तेवढा कोणतीही केबल करणार नाही. आणि या सगळ्याहून मोठा एक विषय आहे. त्याबद्दल मराठीत फार थोडं बोललं जातं. तो म्हणजे खुद्द तबकडीचा वेग.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यासाठी ध्वनिमुद्रिका हाच पहिला अंतरपाट होता. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी इंग्रजीत आपलं नाव उच्चारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही रीत होती असं म्हणतात. न दिसणाऱ्या श्रोत्यालाही तिचा उपयोग झालाच. नाव सांगितलं गेलं. वेग सांगितला गेला नाही. ‘अठ्ठ्याहत्तर’ हा आकडा आज सर्रास वापरतात, पण १९२५ नंतर विजेवरचं मुद्रण आलं तेव्हा कुठे तो स्थिरावला. त्याआधीच्या तबकड्या सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, ऐंशीच्या वरही, वेगवेगळ्या वेगानं कापल्या गेल्या.

याचा अर्थ पेटीवर समजावून घेऊ. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ नं वाजवली तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो. गवई काळी एकमध्ये गात असेल तर आपल्याला पांढरी दोन ऐकू येते. तीन मिनिटांचं गाणं नऊ सेकंदांनी लवकर संपतं, तान तेवढी जलद होते, आवाज कोवळा आणि किंचित नाकातला होतो. अब्दुल करीम खाँसाहेबांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिलेल्या तबकड्या असोत की त्या काळातल्या इतर कुणाच्या, ‘जुन्या काळी आवाज असेच पातळ, उंच लावत’ हे वाक्य आपण किती सहज लिहितो! त्या वाक्यातला किती भाग गवयाचा आणि किती भाग आपल्या फिरत्या चकतीचा, हे तपासल्याशिवाय गायकीच्या इतिहासावर लिहिणं म्हणजे चष्म्याचा रंग न पाहता फुलाचा रंग सांगणं.

इथं अंतरपाटाच्या चाचणीची मर्यादाही उघडी पडते. ७४ आणि ७८ या दोन वेगांनी वाजवलेली एकच तबकडी ‘अ’ आणि ‘ब’ म्हणून ऐकवा. कुणीही सोळापैकी सोळा वेळा ओळखेल. पण नुसती ७८ ची ऐकवा, आणि ऐकणारा तिला गवयाचा आवाज म्हणून जन्मभर जपेल. चाचणी सांगते की काय ऐकू येऊ शकतं. काय ऐकायचं सुचेल, ते ती सांगत नाही. केबलसाठी भांडणाऱ्या माझ्या मित्राच्या संग्रहात जुन्या गायकीच्या तबकड्यांवरून काढलेल्या पुष्कळ सीडी आहेत. त्यातल्या एकीवरही, कोणत्या वेगानं वाजवून हे रूपांतर केलं, ही ओळ छापलेली नाही. तिच्याबद्दल त्याचं कधी कुणाशी भांडण झालेलं नाही.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे आपण अभिमानानं सांगतो. त्या तबकडीबरोबर सुई पाठवली आहे. वेष्टनावर आकृती कोरून एका फेरीला किती वेळ लागावा तेही दिलं आहे. हायड्रोजनच्या अणूच्या काळाच्या मापात, म्हणजे कोणत्याही ग्रहावरच्या बुद्धिमंताला ते काढता यावं. आपल्या हिशेबानं ते एका फेरीला ३.६ सेकंद होतात. केसरबाई कोणत्या पट्टीत गायल्या हे परग्रहवासीयांना चुकू नये एवढी काळजी घेतली गेली. गोव्यातल्या, कोल्हापुरातल्या, तळेगावातल्या श्रोत्यासाठी छापलेल्या वेष्टनावर छायाचित्र असतं, आठवणींचा मजकूर असतो, आवाज ‘स्वच्छ’ केल्याची ग्वाही असते.

बरोबर वेग काढणं सोपं नाही, हे कबूल. साथीची पेटी ऐकून ठरवावं तर त्या काळातल्या सगळ्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाला जुळवलेल्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये ४५२ च्या आसपासचं उंच माप बराच काळ चालत होतं, आणि दोन्ही मापांत जवळजवळ पाव स्वराचा फरक पडतो. गवयाची पट्टी प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांच्या आठवणीतून घ्यावी तर वयानुसार पट्टी उतरते. एकाच दिवशी मुद्रित झालेल्या तबकड्यांचे क्रमांक लावून त्यांची तुलना करावी, साथीदार तेच असतील तर पेटीचा स्वर एकमेकींशी ताडावा, गळ्याचा नैसर्गिक कंप आणि तानेची गती संशयास्पद वाटते का ते पाहावं. असे चार-पाच धागे एकत्र आणले तर उत्तराच्या जवळ जाता येतं. मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या संग्राहकांनी तबकड्यांचे क्रमांक आणि सूची यांचं जे काम केलं आहे, त्यावरच हे उभं राहू शकतं. आणि जिथं खात्री नाही तिथं दोन वेगांचे दोन पाठ द्यावेत, जसे हस्तलिखितांच्या संपादनात पाठभेद देतात. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या पाठांवर पिढ्यान् पिढ्या खपणारे अभ्यासक झाले. तबकडीच्या पाठाला तेवढ्यातला दशांश आदर मिळाला तरी चालेल.

भीमसेन जोशी लहानपणी गदगला ऐकलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीबद्दल सांगत. तसं गाता यावं म्हणून त्यांनी घर सोडलं. ती तबकडी वाजली ते यंत्र आजच्या मापानं टाकाऊच म्हणावं लागेल. चावीचं असेल तर स्प्रिंग उतरत आली की चकती मंदावते, वरचे ध्वनितरंग जवळपास नाहीत, खालचे अर्धे, आणि वर सुईची खरखर. त्या आवाजातून त्या मुलापर्यंत जे पोचलं ते कोणत्या चाचणीनं मोजायचं, हा प्रश्न मला आमच्या बैठकीत एकानं विचारला. मी म्हटलं, ते मोजायला कुणी सांगितलंच नाही. फक्त त्याचं श्रेय केबलला देऊ नका. त्यावर केबलवाला मित्र म्हणाला, ‘‘बरं, मग आज कोणत्या वेगानं लावतोस?’’ आम्ही पेटी काढली, खाँसाहेबांची एक जुनी तबकडी आधी ७८ वर लावली, मग ७६ वर, मग ७४ वर, आणि रात्री उशिरापर्यंत त्यांचा षड्ज शोधत बसलो.